परतीची कुपी : अवकाशस्थानकाहून पृथ्वीवर

दिनांक ११ एप्रिल १९८४ रोजी कझाकस्तानच्या सपाट गवताळ मैदानावर, अर्कालिक या गावाच्या पूर्वेस, धुरकटून काळी पडलेली एक धातूची कुपी हवाई छत्रीच्या आधाराने खाली उतरली. तिच्यात तीन माणसे होती : युरी मालिशेव, गेन्नादी स्त्रेकालोव्ह आणि भारतीय वायुदलाचे स्क्वॉड्रन लीडर राकेश शर्मा. सल्यूत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावरील मुक्काम आटोपून ते परतले होते. उड्डाणापासून भूमीला पाय लागेपर्यंत ७ दिवस, २१ तास व ४० मिनिटे झाली होती. आपल्याकडे या प्रवासाची जी वर्णने प्रसिद्ध आहेत त्यांत जाण्याचा थाट भरपूर आहे, येण्याची कथा मात्र दोन-चार वाक्यांत उरकलेली असते. वास्तविक पाहता, अवकाशात माणूस नेणे हे जितके कठीण, तितकेच त्याला जिवंत परत आणणे कठीण आहे. आणि ते का कठीण, हे समजावून घेण्यास भिलाईइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. फेब्रुवारी १९५५ मध्ये त्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा राज्यकारभार नागपुराहून चालत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीचे तोंड फोडले म्हणजे सुमारे १४५० ते १५०० अंश सेल्सियस तापमानाचे द्रवरूप लोखंड पन्हळीतून वाहू लागते. ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला पुढील हिशेब चटकन उमगेल.

अवकाशस्थानक पृथ्वीभोवती दर सेकंदास सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने फिरत असते. या वेगाने जाणाऱ्या एक किलोग्रॅम वस्तूच्या अंगी सुमारे ३ कोटी ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. उलटपक्षी, एक किलोग्रॅम थंड लोखंड तापवून पूर्ण वितळविण्यास सुमारे १३ लाख ज्यूल पुरतात. म्हणजेच कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक किलोग्रॅम आपल्याबरोबर वीस-बावीस किलोग्रॅम लोखंड वितळविण्याची शक्ती वागवीत असतो. सोयूझ यानाच्या परतीच्या कुपीचे वजन तीन टनांच्या आसपास असते. तेव्हा साठ टनांहून अधिक लोखंडाचा रस करील एवढी ऊर्जा अर्ध्यापाऊण तासात कोठेतरी टाकून द्यावयाची, आणि ज्या भांड्यातून ती टाकावयाची त्याच भांड्यात तीन माणसे बसवावयाची, असा हा प्रश्न आहे.

रॉकेट उलटे पेटवून हा वेग मोडावा, असे कोणी सुचवील. परंतु जितके इंधन वेग मिळविण्यास लागले तितकेच तो घालविण्यास लागणार, आणि ते इंधन वर नेण्यास आणखी कितीतरी पटींनी इंधन लागणार. ही वाट बंद आहे. राहता राहिले ते वातावरण. आपण ज्या हवेत श्वास घेतो तीच अवकाशयानाचा मुख्य अडसर, म्हणजे ब्रेक, होय.

हवेने वेग मोडावयाचा तर उष्णता आलीच. येथे पहिला शोध आकाराचा आहे, आणि तो सामान्य बुद्धीस उलटा वाटतो. बाण टोकदार असतो, विमानाचे नाक निमुळते असते. म्हणून परतणारे यानही टोकदार असावे, असा समज प्रारंभी होता. अमेरिकेतील एच. ज्यूलियन ॲलन या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की यानाची पुढली बाजू बोथट असावी. बोथट वस्तूसमोरची हवा वेळेवर बाजूस सरू शकत नाही. ती दाबली जाऊन वस्तूच्या पुढे काही अंतरावर आघाततरंगाची एक ढाल तयार होते. बहुतेक सगळी उष्णता या हवेतच निर्माण होते व तिच्याबरोबरच मागे वाहून जाते. यानाच्या वाट्यास तिचा लहानसा अंश येतो.

तो अंशही थोडाथोडका नसतो. झोतभट्टीत उष्णतेशी दोन प्रकारे मुकाबला केलेला असतो. भट्टीला आतून उच्च तापमान सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते. आणि जेथून तापलेली हवा आत फुंकतात त्या तांब्याच्या तोट्यांतून सतत पाणी खेळविलेले असते. एक उपाय सोसण्याचा, दुसरा उष्णता वाहून नेण्याचा. यानात एवढे पाणी कोठून आणावयाचे? आणि जाड विटांचे वजन कोणी उचलावयाचे? म्हणून तेथे तिसरा उपाय योजतात, तो स्वतः झिजून जाण्याचा. कुपीच्या तळाशी राळ व तंतू यांपासून बनविलेला एक जाड थर असतो. तो तापला की जळतो, त्याचा कोळसा होतो, वायू सुटतात आणि कण कण गळून पडतात. प्रत्येक कण जाताना आपली उष्णता घेऊन जातो. या क्रियेस मराठीत ‘क्षरण’ म्हणतात. ‘जळणे’ म्हटले तर ढाल निकामी झाली असा ग्रह होतो, आणि येथे तर तिने जळावे म्हणूनच ती बसविलेली असते. तेव्हा हा शब्द मला तरी चपखल वाटतो.

आता शर्मा यांच्या प्रवासाकडे वळू. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयूझ टी-११ या यानातून वर गेले, पण परतले सोयूझ टी-१० मधून. यामागे साधा व्यवहार होता. कक्षेत ठेवलेल्या यानाचे इंधन व यंत्रे काही महिन्यांतच भरवशाची राहत नाहीत. टी-१० फेब्रुवारीपासून स्थानकाला जोडलेले होते. लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव्ह व ओलेग आत्कोव्ह हे तिघे त्यातून आले होते आणि त्यांना अजून बरेच महिने राहावयाचे होते. म्हणून पाहुण्यांनी जुने यान न्यावे व नवे मागे ठेवावे, अशी प्रथा होती. मात्र प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीच्या घडणीबरहुकूम ओतलेले त्याचे आसनाचे अस्तर असते; ते एका यानातून काढून दुसऱ्यात बसविल्याशिवाय कोणी परतावयाचे नाही. उतरतानाचा धक्का पाठीच्या कण्यावर नेमका कोठे बसतो हे लक्षात घेतले म्हणजे या काळजीचे नवल वाटत नाही.

शर्मा यांना मिळालेल्या तिसऱ्या आसनामागेही एक इतिहास आहे. जून १९७१ मध्ये गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव व्होल्कोव्ह व व्हिक्टर पात्सायेव्ह हे सल्यूत-१ या जगातील पहिल्या अवकाशस्थानकावर तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिले. २९ जून रोजी ते सोयूझ-११ मधून निघाले. यानाचे भाग एकमेकांपासून सुटे करताना बसलेल्या हादऱ्याने एक लहानशी झडप उघडली. ही झडप जमिनीनजीक आल्यावर बाहेरची हवा आत घेण्यासाठी होती. ती उघडली सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर, जेथे हवाच नाही. दोनएक मिनिटांत कुपी रिकामी झाली. झडप हाताने मिटविण्याचा प्रयत्न झाल्याच्या खुणा मागाहून आढळल्या. यापुढे सर्व यंत्रणा बिनचूक चालली. ढालीने उष्णता झेलली, छत्री उघडली, कुपी ठरल्या मैदानावर अलगद उतरली. धावत आलेल्या पथकाने दार उघडले तेव्हा तिघे आपापल्या आसनांवर शांत बसलेले होते आणि त्यांत प्राण नव्हता.

त्यांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते, कारण पोशाख घातलेली तीन माणसे त्या कुपीत मावत नसत. पुढे सोव्हिएत अभियंत्यांनी तिसरे आसनच काढून टाकले. १९७३ पासून सोयूझमधून दोघेच जाऊ लागले, आणि दोघेही परतताना दाबपोशाखात. पोशाखासह तिघांना नेईल अशी सुधारित सोयूझ टी यानांची मालिका तयार झाल्यावर नोव्हेंबर १९८० मध्ये तिसरे आसन पुन्हा परत आले. १९८४ साली एक भारतीय त्या आसनावर बसला.

परतीचा क्रम असा. यान स्थानकापासून सुटते, पाठ फिरविते आणि काही मिनिटे इंजिन पेटवून सेकंदास शंभर-सव्वाशे मीटर एवढाच वेग कमी करते. ७७०० मधून सव्वाशे म्हणजे काहीच नव्हे. पण तेवढ्याने कक्षेची खालची बाजू वातावरणात शिरते आणि मग माघार नसते. इंजिनाचा भाग सुटतो, कुपी एकटी उरते. शंभर किलोमीटरांच्या आसपास हवा लागू लागते. खिडकीबाहेर गुलाबी, मग केशरी उजेड पडतो. हवेचे रेणू फुटून विद्युत्भारित झाल्यामुळे रेडिओचे संदेश काही मिनिटे तुटतात, आणि खाली नियंत्रणकक्षात बसलेल्यांना वाट पाहण्यावाचून काही करता येत नाही.

कुपी दगडासारखी पडते असे मात्र नव्हे. तिचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूस ठेवलेला असतो, त्यामुळे ती किंचित कलून उतरते व हवेचा थोडा उचल तिला मिळतो. अंगाभोवती गिरकी घेऊन ती हा उचल हव्या त्या दिशेस वळवू शकते. अशा रीतीने उतरताना माणसाला आपले वजन सुमारे चौपट झाल्यासारखे भासते. ही व्यवस्था बिघडली तर कुपी तोफेच्या गोळ्याप्रमाणे सरळ कोसळते व भार आठपटींवर जातो. सत्तर किलोग्रॅमचा माणूस साडेपाचशेचा होतो! १९ एप्रिल २००८ रोजी सोयूझ टीएमए-११ हे यान असेच उतरले. इंजिनाचा भाग नीट सुटला नव्हता. ठरल्या जागेच्या चारशे किलोमीटरांहून अधिक अलीकडे ते पडले. युरी मालेन्चेन्को, पेगी व्हिटसन व कोरियाच्या यी सो-यॉन हे तिघेही वाचले.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर छत्र्या एकापाठोपाठ एक उघडू लागतात. मुख्य छत्रीचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस मीटर असते. जळकी ढाल टाकून दिली जाते, आसने धक्का झेलण्यासाठी वर उचलली जातात आणि जमीन मीटरभर उरली असता तळाची लहान रॉकेटे क्षणभर पेटतात. या उतरण्यास ‘मृदू अवतरण’ म्हणतात. अनुभवी अंतराळवीर त्याची तुलना मोटारीच्या अपघाताशी करतात, हे ऐकून नामकरण करणाऱ्याचे कौतुक वाटते.

शर्मा यांच्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी दुसरा भारतीय अवकाशस्थानकाहून परतला. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला १४ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून ड्रॅगन जातीच्या ‘ग्रेस’ या यानातून निघाले, आणि सुमारे बावीस तासांनी, १५ जुलै रोजी, कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोनजीक पॅसिफिक महासागरात उतरले. त्यांच्याबरोबर पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की व हंगेरीचे तिबोर कापू होते. नेतृत्व होते पेगी व्हिटसन यांचे, म्हणजे २००८ साली आठपट भार सोसून आलेल्या त्याच बाईंचे. ड्रॅगनची ढाल फिनॉलिक राळेत भिजविलेल्या कार्बन तंतूंची असते. साडेपाच किलोमीटरांच्या आसपास दोन लहान व दोन किलोमीटरांच्या आसपास चार मोठ्या छत्र्या उघडतात. पाणी मऊ असल्यामुळे शेवटची रॉकेटे लागत नाहीत. त्याऐवजी बोटी, पाणबुडे व चांगले हवामान लागते.

भारतानेही समुद्राचीच निवड केली आहे. जानेवारी २००७ मध्ये ५५० किलोग्रॅमची एक कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून २२ जानेवारी रोजी बंगालच्या उपसागरात उतरविण्यात आली. १८ डिसेंबर २०१४ रोजी श्रीहरिकोट्याहून माणसाच्या मापाची रिकामी कुपी १२६ किलोमीटर उंच नेण्यात आली व ती अंदमान-निकोबारनजीकच्या समुद्रातून उचलून आणली गेली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी उड्डाण बिघडल्यास कुपी सोडवून आणण्याची पहिली परीक्षा झाली. गगनयानाच्या कुपीस लहानमोठ्या दहा छत्र्या आहेत : दोन वरचे झाकण ओढून काढण्यासाठी, दोन वेग आवरून डोलणे थांबविण्यासाठी, तीन मोठ्या छत्र्यांना बाहेर खेचण्यासाठी, आणि तीन मोठ्या, प्रत्येकी सुमारे पंचवीस मीटर व्यासाच्या. या तिघींपैकी एक न उघडली तरी उरलेल्या दोन माणसांना सुखरूप उतरवितील, असा हिशेब त्यात धरलेला आहे. २४ ऑगस्ट २०२५ रोजी वायुदलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने सुमारे पावणेपाच टनांची प्रतिकृती तीन किलोमीटर उंचीवरून सोडली. छत्र्या क्रमाने उघडल्या, कुपी समुद्रात उतरली, आणि नौदलाच्या माणसांनी तिला दोर लावला.