मुरबाड ते होई आन : दिवस मोजायचा कुठून?

परदेश सहलीच्या पत्रकात पहिला दिवस बहुधा मुंबई विमानतळावरच उजाडतो. दादर-पार्ल्याच्या घराला एवढे पुरते. शहापूर-मुरबाडकडच्या कुटुंबाच्या प्रवासाचा सगळ्यांत बेभरवशाचा टप्पा मात्र विमानतळाच्या दारात पोचेपर्यंत होऊन गेलेला असतो आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. ग्रामीण ठाण्यातून परदेशी निघणाऱ्याने प्रवासाचा दिवस घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंत मोजायला हवा. तसा मोजला की तिकीट कोणते काढायचे, निघायचे कधी, हे निर्णयच बदलतात.

उदाहरणादाखल व्हिएतनाममधले होई आन घेऊ. नदीकाठचे हे जुने बंदर १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जवळच मी सन येथे चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरे आहेत, त्यामुळे मराठी पर्यटकाला तिथे वेगळीच ओढ वाटावी. पण या गावाला स्वतःचा विमानतळ नाही, रेल्वे स्थानकही नाही. दा नांगला उतरून सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने जावे लागते. मुरबाडची स्थितीही तीच आहे, कारण रेल्वेसाठी कल्याण गाठायचे तर तेवढेच अंतर काटावे लागते. समजा, मुंबईहून हो ची मिन्ह सिटीचे विमान रात्री साडेअकराला आहे. तीन तास आधी पोचायचे, म्हणजे साडेआठ. मुरबाडपासून विमानतळ पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण संध्याकाळच्या वाहतुकीत चार-साडेचार तास हाताशी ठेवावेत, म्हणजे चारला घर सोडायचे. विमानात पाच-साडेपाच तास जातात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने उतरताना सकाळचे सहा वाजून गेलेले असतात. मग इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे, ते पुन्हा देशांतर्गत विमानासाठी देणे, दा नांगचे सव्वा-दीड तासाचे उड्डाण आणि शेवटी टॅक्सी. हॉटेल गाठेपर्यंत दुपारचा एक वाजतो. भारतीय वेळेने हा साडेएकोणीस तासांचा प्रवास झाला आणि त्यातले जेमतेम सात तास हवेतले. उरलेला सगळा वेळ जमिनीवर गेला, आणि चुकामूक होते ती बहुतेक तिथेच.

आपल्याकडची जमीन तर फार परीक्षा पाहते. शहापूरकरांचे स्थानक आसनगाव. कल्याण-कसारा मार्गावर तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. तोवर लोकल, मेल आणि मालगाड्या दोनच रुळांवरून जातात आणि एखादी मालगाडी बंद पडली की मागचे सगळे खोळंबते. मध्यरात्रीनंतर काही तास लोकलच नसते, आणि मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने नेमकी रात्री-पहाटे सुटतात. मुरबाडकरांचे पावसाळ्यात आणखी अवघड होते. रायते पुलावर उल्हास नदीचे पाणी आले की कल्याणचा रस्ताच बंद.

यावर कोणी म्हणेल, आता समृद्धी महामार्ग झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आता तक्रार कशाला? शहापूरला त्याचा फायदा झाला, हे खरेच. पण हा महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला संपतो, आणि खरी कोंडी तिथून पुढे आहे. गोदामांच्या ट्रेलरमधून, मानकोली आणि माजिवड्यावरून वाट काढायची ती काढायचीच. मुरबाडला तर या रस्त्याचा फारसा उपयोगच नाही. त्यापेक्षा रात्रीच्या विमानासाठी दुपारची लोकल बरी. त्या वेळी मुंबईकडे जाणारी गर्दी कमी असते. घाटकोपरला मेट्रो एक आणि मरोळ नाक्याला मेट्रो तीन धरली की थेट टी-२ स्थानकावर उतरता येते. एखाद्या जोडप्याला, दोन आटोपशीर बॅगा घेऊन, हे सहज जमते. सोबत म्हातारी माणसे असतील तर गाडीच करावी, पण दुपारी लवकर निघावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा असतो. आदल्या रात्री विमानतळाजवळ राहायचे म्हणजे पैसे वाया, असे अनेकांना वाटते. पहाटेचे विमान असेल तर माझे मत याच्या अगदी उलट आहे. बऱ्याच कंपन्यांचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, नंतर विनवण्या करून उपयोग नसतो. स्वस्त म्हणून दोन विमानांची दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर धोका दुप्पट होतो. पहिल्याला उशीर झाला आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. एकाच आरक्षणावर दोन्ही उड्डाणे असली की पुढची सोय लावणे कंपनीकडे येते. चौघांची बुडालेली तिकिटे पाहता एका खोलीचे भाडे नगण्य आहे. बॅगही घरीच नीट तपासावी. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटल्यांत हवेत, आणि आजीने चटणीसाठी बांधून दिलेले सुके खोबरे ज्वलनशील म्हणून काढून घेतले जाऊ शकते.

आणि इकडून परदेशी जातात तरी किती जण, असेही विचारले जाईल. पण सहल हे एकच कारण नसते. नोकरीसाठी आखातात निघालेला फिटर आणि शिक्षणासाठी निघालेली मुलगी यांनाही हाच रस्ता तुडवावा लागतो, आणि त्यांचे विमान चुकले तर हुकणारी गोष्ट सहलीपेक्षा मोठी असते. शिवाय तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. ज्या तालुक्याच्या पाण्यावर मुंबई उभी आहे, त्याने मुंबईच्या विमानतळापर्यंत रात्रीची एक बस मागितली तर ती अवाजवी मागणी नव्हे. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे एसटीचे आगार आहे. तिथून रात्री उशिरा एकेक गाडी ठाणेमार्गे विमानतळापर्यंत सोडून पाहावी. सहल कंपन्यांनीही तालुक्याच्या गावातून नेण्या-आणण्याची सोय आणि घर ते हॉटेल लागणारा वेळ पत्रकात छापावा. तोवर ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे : विमान चुकू नये म्हणून मी मुरबाडहून किती वाजता निघायचे?