शहरातला मळा सर्वांचा कसा होईल?

शहरातल्या भाजीमळ्याशी आपला काय संबंध, असे वाटेल. पण आपली कितीतरी मुले आज शहरात भाड्याच्या खोलीत राहतात आणि मेथीची जुडीही विकत घेतात.

क्युबा देशात १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल, खते व अन्न यांचा तुटवडा पडला. तेव्हा हवाना शहरातील लोकांनी ओसाड जागांवर काठ बांधले, त्यांत माती व कंपोस्ट भरले आणि वाफे केले. खाली मुरूम असला तरी वर भाजी पिकली.

अशी जागा चर्चच्या आवारात किंवा शाळेमागे सापडते. दिवसाचे सहा तास ऊन हवे, एवढे पाहा. खरी अडचण वाटपाची. ज्याला सवड व ओळख आहे, तो चार वाफे अडवतो. मजुरीला जाणारी विधवा व म्हातारी माणसे बाहेरच राहतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून दर घरी एकच वाफा द्यावा. भाडेकरूलाही द्यावा, तो कोणत्या धर्माचा हे विचारू नये. लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी व परक्यांसाठी राखायला सांगितले आहे, ते इथे लागू पडते. खुरपी, झाऱ्या सामायिक असाव्यात. फाटक रविवारी मिस्सानंतर आणि रोज संध्याकाळी उघडे असावे. फक्त सकाळी उघडणारा मळा कामकऱ्यांच्या काय कामाचा?

काही वाफे दोन-अडीच फूट उंच बांधा. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाकावे लागत नाही, आणि चाकांच्या खुर्चीवरच्या माणसालाही खुरपता येते. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. वाफा भिंतीला लागून असेल तर दोनच फूट. मधली वाट तीन फूट रुंद व घट्ट चोपलेली हवी. या कामात गावाकडचा जाणता माणूस दोन दिवस गेला तर मोठी मदत होते.

पडीक जागेच्या मातीत जुन्या रंगातले शिसे असू शकते. तिच्यात पालेभाजी लावू नका. बाहेरून चांगली माती आणि कुजलेले शेणखत आणून वाफे भरा. काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. पाण्याचे पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.