माहिती चौकट : कर्मचाऱ्यांसाठी कोऱ्या ठेवलेल्या भिंती

नेदरलँड्समधील आपेल्डोर्न येथे वास्तुरचनाकार हर्मन हर्टझबर्गर यांनी आखलेले ‘सेंट्राल बेहेर’ या विमा कंपनीचे कार्यालय १९७२ मध्ये पूर्ण झाले. ९ मीटर बाजूचे चौरस मजले जोडत उभारलेल्या या इमारतीत काँक्रीटचा सांगाडा आणि करड्या ब्लॉकच्या भिंती मुद्दाम उघड्या ठेवल्या. झाडे, चित्रे कर्मचाऱ्यांनी आणावीत, हा हेतू. उघडे काँक्रीट रूक्ष दिसते, हा आक्षेप रास्त आहे. पण चौरसांमधल्या फटींतून छतावरचा उजेड खालपर्यंत उतरतो आणि कर्मचाऱ्यांनी आपापले कोपरे खरोखरच सजवले. एकाच साच्यातल्या जागा कंटाळवाण्या होतात म्हणावे, तर इथे प्रत्येक चौरस वेगळा झाला. कार्यालयाच्या रचनेत कर्मचाऱ्यांवर एवढा विश्वास टाकणारी इमारत विरळाच.