पृष्ठवंशाची संगणकीय प्रतिकृती

पृष्ठवंशातील (पाठीच्या कण्यातील) मणके, चकत्या व अस्थिबंध यांवर पडणारा भार आणि त्यांच्यात होणारी हालचाल गणिताने काढण्यासाठी संगणकावर तयार केलेली रचना. एकाच विकारावरील निरनिराळ्या शस्त्रक्रियांचे यांत्रिक परिणाम ताडून पाहणे, हा तिचा एक मुख्य उपयोग होय.

रचना : पृष्ठवंशात मानेचे ७, छातीचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असून त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाड असतात [⟶ कंकाल तंत्र]. सीटी छेदचित्रांवरून मणक्यांचा आकार घेऊन तो हजारो लहान घटकांत विभागतात (सांत घटक पद्धती) व प्रत्येक घटकाला त्या त्या ऊतकाचा ताठरपणा देतात. उदा., मणक्याच्या बाहेरील घट्ट हाडाचा स्थितिस्थापकता गुणांक सु. १२,००० मेगॅपास्कल, तर आतील सच्छिद्र हाडाचा सु. १०० मेगॅपास्कल धरण्याचा प्रघात आहे. टेड बेलिच्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या पद्धतीने चकतीतील प्रतिबलांचे विश्लेषण केले. प्रतिकृतीची उत्तरे शवातील कण्यावरील प्रयोगांशी पडताळून घ्यावी लागतात.

भार : स्नायू काढलेला कमरेचा कणा वरून सरळ दाबल्यास सु. १०० न्यूटन भारालाच कोलमडतो. भाराची दिशा कण्याच्या वक्रतेला अनुसरून ठेवली, तर तो १,२०० न्यूटनपर्यंत भार पेलतो, असे अमेरिकेतील लॉयोला विद्यापीठाचे अविनाश पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये दाखविले. हा ‘अनुगामी भार’ पुढे अनेक प्रतिकृतींत वापरला गेला.

शस्त्रक्रियांची तुलना : कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती झिजली असता दबलेली तंत्रिका मोकळी करणे, स्क्रू व दांड्या बसवून दोन्ही मणके सांधणे किंवा कृत्रिम चकती बसविणे, असे पर्याय असतात. एकाच रुग्णावर ते सर्व करून पाहता येत नाहीत. प्रतिकृतीत मात्र कणा तोच ठेवून ते एकामागून एक करता येतात. सांधलेल्या मणक्यांमधील हालचाल जवळजवळ थांबते. शेजारच्या मणक्यांवरील परिणाम मात्र प्रश्न कसा मांडला यावर अवलंबून असतो. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर परिबल सारखेच दिले (बहुधा ७.५ न्यूटन-मीटर), तर शेजारची हालचाल फारशी बदलत नाही. याउलट एकूण वाकणे सारखे ठेवले, तर सांधलेल्या जागेची उणीव शेजारच्या मणक्यांना भरून काढावी लागते व तेथील चकतीवर अधिक ताण येतो. ही दुसरी रीत येल विद्यापीठाचे मनोहर पंजाबी यांनी २००७ मध्ये मांडली.

कोणती रीत योग्य, हे रुग्णाच्या कामावरून ठरते. बीड जिल्ह्यातील गेवराई व इतर तालुक्यांतून दसऱ्याच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊस जमिनीलगत तोडावा लागत असल्याने कोयता चालविताना कमरेत वाकावे लागते. मग मोळी डोक्यावर घेऊन वाहनावर चढावे लागते. मोळी ३५ किग्रॅ.ची धरली, तर सरळ उभे असतानाही कण्यावरील भार सु. ३४० न्यूटनांनी वाढतो. तोल राखणाऱ्या स्नायूंचा भार वेगळाच. मणके सांधल्यावर कामगार पुन्हा फडात गेला, तरी उसाचे बूड पूर्वीइतकेच खाली असते. खुब्यातून व गुडघ्यांतून वाकून काही भरपाई होते; उरलेली शेजारच्या मणक्यांवर पडते. म्हणून अशा रुग्णासाठी एकूण वाकणे सारखे धरणारी रीत वास्तवाला अधिक जवळची ठरते. बैठे काम करणाऱ्याला मानवणारी शस्त्रक्रिया त्यालाही तितकीच मानवेल, असे म्हणता येत नाही.

मर्यादा : वेदना, जंतुसंसर्ग, तसेच शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला परवडणारी विश्रांती या गोष्टी अशा यांत्रिक प्रतिकृतीत येत नाहीत. तिच्या निरपेक्ष आकड्यांपेक्षा दोन पर्यायांमधील फरकावर अधिक भिस्त ठेवतात. अंतिम निर्णय शल्यचिकित्सकाने रुग्णाची तपासणी करून व त्याचे काम विचारात घेऊन करावयाचा असतो.