'नो सिग्नल' म्हणजे मॉनिटर बिघडला असे नव्हे!

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडावा आणि पडद्यावर 'नो सिग्नल' एवढेच उमटावे, हा अनुभव अनेकांना येतो. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी शिकवणीवर्गात, करसल्लागाराच्या कार्यालयात वा दुकानात जुना मॉनिटर आणि नवा लॅपटॉप यांची सांगड घातली जाते. ती जमली नाही, की मॉनिटर बिघडला असे समजून संकेश्वरमार्गे ६० किलोमीटरहून अधिक दूरचे कोल्हापूर गाठण्याचा किंवा नवा मॉनिटर घेण्याचा विचार सुरू होतो. हा खर्च बरेचदा टाळता येतो.

मुळात 'नो सिग्नल' हा संदेश मॉनिटर स्वतःच दाखवतो. म्हणजे त्याला वीज मिळते आहे आणि पडदाही शाबूत आहे; फक्त लॅपटॉपकडचे चित्र त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. तेव्हा शोध घ्यायचा तो या वाटेचा, आणि तोही बिनखर्चाच्या उपायापासून.

प्रथम मॉनिटरवरील बटणाने 'इनपुट' तपासावे. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची असेल, तर चित्र येणार नाही. नंतर लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून धरून 'पी' दाबावे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. तेथे 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडावे.

तरीही पडदा काळाच राहिला, तर केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि मॉनिटर मिनिटभर बंद ठेवावा. आपल्याला कोणते रेझोल्यूशन पेलते, ही माहिती मॉनिटर केबलमधूनच लॅपटॉपला कळवत असतो. ती पोहोचली नाही, तर लॅपटॉप मॉनिटर जोडलेलाच नाही असे धरून चालतो किंवा भलतेच रेझोल्यूशन निवडतो.

जुन्या मॉनिटरची अडचण निराळी असते. व्हीजीए ही १९८७ सालची, १५ पिनांची अॅनालॉग जोडणी. एचडीएमआय ही २००२ सालची डिजिटल. त्यामुळे नुसती केबल पुरत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तो सहसा एकाच दिशेने चालतो. 'एचडीएमआय ते व्हीजीए' हवा असताना उलटा घेतला, तर पैसे वाया जातात. व्हीजीएची पिन वाकली असेल, तर एखादा रंगच नाहीसा होऊन चित्र पिवळसर वा निळसर दिसते. नव्या लॅपटॉपचे प्रत्येक यूएसबी-सी पोर्टही चित्र पाठवू शकतेच असे नाही. याची खातरजमा माहितीपुस्तिकेत करून घ्यावी.

शेवटी अदलाबदल करून पाहावी. हाच मॉनिटर त्याच केबलने शेजाऱ्याच्या लॅपटॉपला जोडावा. तेथे चित्र दिसले, तर दोष आपल्या लॅपटॉपच्या पोर्टचा वा ड्रायव्हरचा; न दिसल्यास आधी केबल बदलून पाहावी आणि मगच मॉनिटरवर संशय घ्यावा. इतके केल्यावर दुरुस्तीसाठी जावे लागलेच, तरी नेमकी कोणती वस्तू सोबत न्यायची, हे ठाऊक असेल.