नावेवरून माशांचा शोध : यंत्राचा उपयोग व मर्यादा

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. कुरुंद्याकडील शेतकरी या पाण्याकडे ओलिताच्या दृष्टीनें पाहतो. परंतु अशा जलाशयांत कटला, रोहू, मृगळ हे मासेही वाढतात. नावेवर बसवून मासे हुडकण्याचें 'फिश फाइंडर' नांवाचें यंत्र हल्लीं बाजारांत मिळतें. त्यावर पैसा घालण्यापूर्वीं तें काय दाखवितें व काय दाखवीत नाहीं, हें समजून घेणें हिताचें आहे.

खोल विहिरींत हांक मारली असतां आवाज परत येतो, तेंच तत्त्व येथें आहे. नावेच्या तळाशीं बसविलेली चकती विजेच्या योगानें थरथरते व पाण्यांत ध्वनि सोडते. त्याचीं कंपनें बहुधा सेकंदास ५० हजार किंवा २ लाख असल्यामुळें तो आपणांस ऐकूं येत नाहीं. गोड्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १४८० मीटर जातो. तळ १० मीटरांवर असल्यास प्रतिध्वनि सेकंदाच्या सुमारें चौऱ्याहत्तराव्या भागांत परत येतो. त्या वेळावरून यंत्र खोली ठरवितें. माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीवरूनही ध्वनि परततो, म्हणून मासा पडद्यावर उमटतो. जपानांत फुरुनो बंधूंनीं १९४८ सालीं असें यंत्र मच्छिमारांच्या हातीं दिलें.

आतां मर्यादा पाहूं. ध्वनि खालीं शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन २० अंश धरल्यास १० मीटर खोलीवर सुमारें साडेतीन मीटर रुंदीची जागा दिसते, दोन मीटर खोलीवर मात्र हातभरच. शिवाय उथळ पाण्यांतील मासे नावेच्या चाहुलीनें दूर पळतात. तळाशीं चरणारा मृगळ तळाच्या रेषेंतच मिसळून जातो. बुडालेलीं खोडें, पाणवनस्पति व बुडबुडे यांचाही प्रतिध्वनि येतो. आणि माशाची जात यंत्र सांगत नाहीं.

यावरून उघड आहे कीं, शेततळ्यासाठीं हें यंत्र घेणें व्यर्थ होय. तेथें ओढजाळें पुरतें. तोच पैसा चांगल्या बोटुकलींवर व खाद्यावर खर्चावा. मोठ्या जलाशयांत मात्र जुनें नदीपात्र, तळाचा उतार व जाळें फाडणारीं खोडें यंत्रानें आधींच कळतात. उन्हाळ्यांत खोल व संथ पाण्याच्या तळाशीं प्राणवायु कमी पडला, कीं मासे वरच्या थरांत राहतात. अशा वेळीं तळाशीं सोडलेलें जाळें रिकामें येतें. मासे किती खोलीवर आहेत हें पाहून जाळें लावल्यास श्रम वांचतात.

जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्यानें दिला जातो. म्हणून आधीं परवानगी घ्यावी. मच्छिमार संस्थेनें सर्व नावांमिळून एकच यंत्र घ्यावें व प्रथम तळाची पाहणी करावी. पावसाळ्यांत मासे अंडीं घालतात, तेव्हां यंत्र व जाळें दोन्ही घरींच ठेवावींत. बीज राखलें नाहीं, तर पुढील वर्षीं यंत्रास दाखविण्याजोगें कांहीं उरणार नाहीं.