ताल कोणाच्या घरचा?

वाशीमसारख्या गांवीं आम्हां जुन्या मंडळींच्या कानांना मृदंग-तबल्याचीच संवय. त्यामुळें घरांतील तरुण मुलें ज्यांच्या वादनावर लुब्ध आहेत ते त्रिलोक गुर्टू पाश्चात्य ड्रम वाजवितात, हें ऐकून आम्हीं प्रथम नाकच मुरडलें. "आजोबा, एकदां ऐका तरी," असा नातवाचा आग्रह पडला, आणि आमचा पूर्वग्रह गळाला.

गुर्टू यांचा जन्म १९५१ सालीं मुंबईस झाला. ठुमरीगायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. लहानपणींच त्यांनीं तबल्याचे धडे गिरविले. पुढें विलायती ड्रम घेतला, तरी बैठक मोडली नाहीं. ते गुडघा टेकून जमिनीवरच बसतात. पायानें वाजवावयाचा मोठा ड्रम वगळून शेजारीं तबला ठेवितात. घणघणती झांज बादलींतील पाण्यांत बुडवितात, तेव्हां तिचा सूर अलगद खालीं वांकतो. १९८९ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांना त्यांनीं अशीच साथ केली. त्यापूर्वीं, १९८८ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेंत तर मातोश्रींचें गाणें व पुत्राचा ताल एकत्र नांदतात.

परंतु वाचकहो, मनाला एक गोष्ट लागली. आमच्याच जिल्ह्यांत पोहरादेवीस बंजारा बांधवांचा नंगारा घुमतो. तो आम्हीं आजवर दुरूनच ऐकिला. येत्या रामनवमीच्या यात्रेस नातवाला घेऊन तेथें जावयाचें व जमिनीवर बसून ऐकावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.